सोफी शॉल : हुकूमशाहीतली एक साधी विद्यार्थिनी



दुसऱ्या महायुद्धाचा पाठ झाला की मुलं बहुधा रणगाडे, विमानं, अणुबॉम्ब यांच्याबद्दल विचारतात. मागे एकदा मात्र शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने वेगळाच प्रश्न विचारला. जर्मनीत कोट्यवधी माणसं राहत होती, ती सगळीच हिटलरच्या बाजूची होती का, आणि नसतील तर ती काय करत होती? तास संपत आला होता. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर वाटलं, हा प्रश्न असा सोडून द्यायचा नाही. आजचा पाठ तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी.

आज आपण ज्या व्यक्तीचं चरित्र बघणार आहोत ती कोणी सेनापती नव्हती की पुढारी नव्हती. ती २१ वर्षांची, कॉलेजात शिकणारी मुलगी होती. नाव सोफी शॉल. मी तिला अहो-जाहो करणार नाही, कारण ती तुमच्या ताईच्या वयाची होती. जर्मनीत आज तिच्या आणि तिच्या भावाच्या नावाच्या कितीतरी शाळा आहेत, रस्ते आहेत, चौक आहेत. पण तिने केलेली कामं ऐकलीत तर तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? कागद आणले, पाकिटांवर पत्ते लिहिले, तिकिटं चिकटवली, पैशांचा हिशेब ठेवला, एक बॅग रेल्वेने दुसऱ्या गावी पोचवली. हीच कामं आज आपल्याला नीट बघायची आहेत.

आधी तेव्हाची परिस्थिती समजून घेऊ. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा पंतप्रधान झाला. काही महिन्यांतच बाकीचे सगळे पक्ष बंद झाले, कामगार संघटना मोडल्या, वर्तमानपत्रं सरकारच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये म्युनिक शहराजवळ डाखाऊ इथे छळछावणी सुरू झाली आणि विरोधकांना खटला न चालवता तिथे डांबलं जाऊ लागलं. ज्यू लोकांच्या नोकऱ्या, दुकानं, नागरिकत्व, शाळा आणि शेवटी जीव, असं एकेक हिरावून घेतलं गेलं. युद्ध सुरू झाल्यावर परदेशी रेडिओ ऐकणं हासुद्धा गुन्हा ठरला. गेस्टापो नावाची गुप्त पोलीस यंत्रणा होती. पण बरं का, गेस्टापोची माणसं सगळीकडे बसलेली नव्हती. त्यांना बरीचशी माहिती पुरवत ती शेजारीपाजारी, ऑफिसातले सहकारी, ओळखीचे लोक. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

सोफीचा जन्म ९ मे १९२१ रोजी दक्षिण जर्मनीतल्या फोर्श्टेनबेर्ग या छोट्या गावात झाला. वडील रॉबर्ट शॉल त्या गावाचे महापौर होते. आई माग्डालेना लग्नाआधी परिचारिका होती. पुढे कुटुंब उल्म शहरात राहायला गेलं आणि वडील करसल्लागार म्हणून काम करू लागले. इंगे, हान्स, एलिझाबेथ, सोफी आणि वेर्नर अशी ही पाच भावंडं. घरात पुस्तकं होती, संगीत होतं, वादविवाद होते. सोफी चित्रं छान काढायची.

आता एक गोष्ट तुम्हाला कदाचित खटकेल. हिटलर सत्तेवर आला तेव्हा ही भावंडं त्याच्यावर खूश होती! हान्स हिटलर युवा संघटनेत गेला आणि सोफी मुलींच्या संघटनेत. गणवेश, शेकोटी, सहली, गाणी, आपण कोणीतरी महत्त्वाचे आहोत ही भावना, हे सगळं मुलांना हवंहवंसं वाटणारच. वडिलांना मात्र नाझी लोक मुळीच पसंत नव्हते आणि त्यावरून घरात खटके उडत. पुष्कळ चरित्रांत नायक जन्मापासूनच शहाणा असतो. इथे तसं नाही, आणि म्हणून मला हे चरित्र शिकवायला जास्त आवडतं.

मन पालटलं ते हळूहळू. १९३५ साली न्युरेम्बर्गच्या मोठ्या मेळाव्यात हान्सला झेंडा घेऊन पाठवलं. तिथल्या एकसुरी कवायतीतून तो उदास होऊन परत आला. आपल्या ज्यू मैत्रिणीला संघटनेत का घेत नाहीत, हे सोफीला समजत नव्हतं. मग १९३७ च्या नोव्हेंबर महिन्यात गेस्टापोचे लोक थेट घरीच आले. बंदी घातलेल्या एका युवक गटाशी संबंध असल्याच्या संशयावरून भावंडांना पकडून नेलं. सोफीला लगेच सोडलं, तेव्हा ती १६ वर्षांची होती. बाकीच्यांना काही दिवस कोठडीत काढावे लागले. पुढे हान्सलाही अटक झाली. ज्या सरकारसाठी आपण गाणी म्हणत होतो ते आपल्याच घरात येऊन आपल्या वह्या उचकतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं.

१९४० मध्ये शालान्त परीक्षा झाली. विद्यापीठात जाण्याआधी प्रत्येकाला सरकारी श्रमसेवा करावी लागे. ती चुकवता येईल या आशेने सोफीने बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला, पण सवलत मिळाली नाही. सहा महिने श्रमशिबिरात आणि पुढचे सहा महिने ब्लुमबेर्ग गावात बालवाडीत काढावे लागले. मे १९४२ मध्ये ती एकदाची म्युनिकला पोचली. विषय घेतले जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान. हान्स तिथेच वैद्यकशास्त्र शिकत होता.

त्याआधीच्या हिवाळ्यातला एक प्रसंग सांगतो. १९४१-४२ चा हिवाळा. रशियात जर्मन सैनिक थंडीने गारठत होते. सरकारने घरोघरून लोकरीचे कपडे, मोजे, स्वेटर गोळा करायला सुरुवात केली. सोफीने काहीही द्यायला नकार दिला. तिचा मित्र फ्रिट्झ हार्टनागेल स्वतः सैन्यात अधिकारी होता. त्याला हे ऐकून धक्काच बसला. सोफीचं म्हणणं असं होतं, की ही लोकर युद्ध लांबवण्यासाठी आहे, आणि युद्ध लांबलं तर दोन्ही बाजूंची आणखी माणसं मरतील. सोफीचं बरोबर होतं का? मी वर्गात हे विचारलं तेव्हा अर्धा वर्ग तिच्या बाजूने आणि अर्धा विरुद्ध होता. थंडीत कुडकुडणारा सैनिकही कोणाचा तरी मुलगा असतो. तुम्हीही घरी आईबाबांशी बोलून बघा. मला स्वतःला तिची बाजू पटते, पण ती सहज पटत नाही.

१९४२ च्या उन्हाळ्यात, म्हणजे २७ जून ते १२ जुलै या काळात, म्युनिकमधल्या काही लोकांच्या घरी पोस्टाने चार पत्रकं आली. त्यावर ‘पांढरा गुलाब’ असं नाव होतं. ती हान्सने आणि त्याचा मित्र अलेक्झांडर श्मोरेल याने लिहिली होती. प्रत्येक पत्रकाच्या जेमतेम शंभरेक प्रती. दुसऱ्या पत्रकात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की पोलंड जिंकल्यापासून तिथे तीन लाख ज्यूंची हत्या झाली आहे. प्रत्यक्षात आकडा याहून कितीतरी मोठा होता. पण भर युद्धात, जर्मनीच्या आत बसून जर्मन लोकांना हे सांगणं म्हणजे मरण ओढवून घेणं होतं.

ही माहिती त्यांना कुठून मिळाली? मानफ्रेड आयकेमायर नावाचे एक वास्तुरचनाकार कामानिमित्त पोलंडमध्ये राहत होते. तिथे काय चाललंय ते त्यांनी या मुलांना सांगितलं. म्युनिकमधल्या आपल्या स्टुडिओची जागाही वापरू दिली. त्यांनी स्वतः पत्रक लिहिलं नाही, फक्त जे पाहिलं-ऐकलं ते विश्वासातल्या माणसांना सांगितलं.

तिसऱ्या पत्रकात सामान्य माणसाने काय करायचं ते लिहिलेलं होतं. कारखान्यात असाल तर युद्धसाहित्याच्या कामात अडथळा आणा, पक्षाच्या सभा-समारंभात सामील होऊ नका, सरकारी वर्गण्यांना पैसे देऊ नका, धातू आणि कापड गोळा करायला आले तर देऊ नका. थोडक्यात, राज्य तुमच्या मदतीवर चालतं, तर ती मदत थांबवा. आता लोकरीचा प्रसंग आठवा, म्हणजे सोफीचं वागणं आणि हा विचार एकच होता हे कळेल.

त्याच सुमारास घरावरही संकट आलं. वडील ऑफिसात हिटलरबद्दल काहीतरी कडवट बोलून गेले. तिथे काम करणाऱ्या बाईनेच तक्रार केली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सोफीला सुट्टीत सक्तीने उल्मच्या शस्त्रास्त्र कारखान्यात काम करावं लागलं. तिथे रशियातून पकडून आणलेल्या स्त्रिया राबत होत्या. हान्स, श्मोरेल आणि विली ग्राफ हे वैद्यकीय विद्यार्थी तेव्हा रशियाच्या आघाडीवर पाठवलेले होते. तिकडचं सगळं बघून ते नोव्हेंबरात परतले तेव्हा त्यांनी ठरवलं, आता शंभर प्रतींनी भागणार नाही.

इथून पुढे सोफीचं खरं काम सुरू होतं.

तुमच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांना विचारा, सायक्लोस्टाईल यंत्र त्यांना नक्की आठवेल. चाचणी परीक्षेचे पेपर आम्ही त्यावरच काढायचो. मेणकागदावर टाइप करायचं, शाई लावायची, दांडा फिरवत एकेक कागद काढायचा, आणि शेवटी सदऱ्याला शाई लागायचीच. म्युनिकमधल्या या मित्रांकडे तसंच हाताने चालवायचं यंत्र होतं. जानेवारी १९४३ मध्ये त्यांनी पाचवं पत्रक काढलं, सहा ते नऊ हजार प्रती. रात्रभर दांडा फिरवायचा आणि सकाळी वर्गात जाऊन बसायचं.

आता विचार करा. युद्धकाळात कागदाचा तुटवडा. एका दुकानातून पाच रिमं कागद घेतला तर दुकानदार विचारणारच की एवढा कशाला हवा? म्हणून वेगवेगळ्या दुकानांतून थोडा थोडा आणायचा. पोस्टात एकदम शेकडो तिकिटं मागितली तर कारकुनाच्या भुवया उंचावणार. म्हणून तिकिटंही थोडी थोडी. पाकिटांचंही तसंच. पत्ते कुठून आणायचे? तर म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये निरनिराळ्या शहरांच्या पत्त्यांच्या सूची ठेवलेल्या असत. तिथे बसून हातानं उतरवून घ्यायचे. एक पाकीट लिहायला एक मिनिट धरा. हजार पाकिटं म्हणजे जवळजवळ १७ तास होतात. मी एकदा वर्गात फक्त दहा-दहा पाकिटं लिहायला दिली होती, तर मुलं पाचव्या पाकिटालाच हात झटकायला लागली.

या सगळ्याला पैसा लागतो. गटाची तिजोरी सोफीकडे होती. आलेले पैसे आणि झालेला खर्च ती नीट लिहून ठेवायची. स्टुटगार्टचे ऑयगेन ग्रिमिंगर यांनी ५०० मार्क दिले. ते शॉल कुटुंबाचे स्नेही. त्यांची पत्नी जेनी ज्यू होती, त्यामुळे त्यांची नोकरी आधीच गेली होती. म्हणजे गमावण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं, तरी त्यांनी दिले. योझेफ झ्योनगेन नावाचे पुस्तकविक्रेते होते. त्यांनी आपल्या दुकानाच्या तळघरात सामान लपवायला जागा दिली. ट्राउटे लाफ्रेन्झ या विद्यार्थिनीने पत्रक आपल्या गावी, दूर हॅम्बुर्गला नेलं आणि कागद-पाकिटं जमवायला मदत केली.

सगळी पत्रं म्युनिकच्याच पोस्टाच्या पेटीत टाकली असती तर शिक्क्यावरून पोलिसांना लगेच कळलं असतं की कारस्थान म्युनिकमध्ये आहे. म्हणून ती दुसऱ्या शहरांत जाऊन टाकायची. शिवाय गावातल्या गावात पत्राला तिकीटही कमी लागे. पण आगगाडीत तपासणी व्हायची. मग युक्ती अशी, की बॅग एका डब्यात ठेवायची आणि आपण दुसऱ्या डब्यात बसायचं. सापडली तर बॅग सापडेल, माणूस नाही. सोफी अशीच जानेवारीत ऑग्सबुर्गला, मग उल्मला आणि स्टुटगार्टला गेली. उल्ममध्ये हान्स हिर्झेल आणि फ्रान्झ म्युलर ही शाळेत शिकणारी मुलं होती. हिर्झेलचे वडील पाद्री. या मुलांनी चर्चमधल्या मोठ्या ऑर्गन वाद्याच्या मागे बसून पाकिटं भरली. श्मोरेल ऑस्ट्रियात गेला आणि साल्झबुर्ग, लिन्झ, व्हिएन्ना इथून पत्रं टाकली. गेस्टापोला वाटलं, ही देशभर पसरलेली मोठी संघटना आहे. प्रत्यक्षात मूळ गट पाच-सहा जणांचा होता.

त्या पाचव्या पत्रकात युद्धानंतरच्या जर्मनीत काय हवं तेही लिहिलं होतं. बोलण्याचं स्वातंत्र्य, श्रद्धेचं स्वातंत्र्य, आणि सरकारच्या मनमानी जुलमापासून प्रत्येक नागरिकाला संरक्षण. मानवी हक्कांचा जाहीरनामा तुम्हाला नागरिकशास्त्रात आहे ना? तो संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला. ही मागणी त्याच्या जवळजवळ सहा वर्षं आधीची आहे, एका तळघरात हाताने दांडा फिरवून छापलेली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्टालिनग्राडला जर्मन फौजेने शरणागती पत्करली. देश हादरला. हान्स, श्मोरेल आणि ग्राफ यांनी तीन रात्री बाहेर पडून म्युनिकच्या भिंतींवर स्वातंत्र्य हा शब्द आणि हिटलरविरोधी घोषणा रंगवल्या. सकाळी विद्यापीठाच्या भिंती घासून काढायला लावलं ते रशियातून सक्तीने आणलेल्या स्त्रियांना. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कुर्ट हुबर यांनी सहावं पत्रक लिहिलं, विद्यार्थ्यांना उद्देशून.

आणि १८ फेब्रुवारी १९४३ चा गुरुवार आला. सकाळी अकराच्या आधी सोफी आणि हान्स एक सुटकेस घेऊन विद्यापीठात शिरले. तास चालू होते, मार्गिका रिकाम्या होत्या. वर्गांच्या दारांशी, खिडक्यांच्या कट्ट्यांवर त्यांनी पत्रकांचे गठ्ठे ठेवले. ते बाहेर पडलेही होते. पण थोडी पत्रकं उरली होती म्हणून परत आत गेले, वरच्या मजल्यावर. तिथून खालच्या मोठ्या चौकात सोफीने उरलेला गठ्ठा कठड्यावरून ढकलून दिला. कागद तरंगत खाली आले. याकोब श्मिड नावाच्या शिपायाने ते पाहिलं, धावत जाऊन दोघांना पकडलं. दारं बंद झाली, गेस्टापो आले.

ते परत का गेले? यावर आजही चर्चा होते. कोणी याला धाडस म्हणतं, कोणी अविचार. माझं मत विचाराल तर परत जाणं ही चूक होती, आणि त्याहून मोठी चूक हान्सच्या खिशात होती. पुढच्या पत्रकाचा हाताने लिहिलेला मसुदा त्याने बरोबर आणला होता. तो त्याने फाडायचा प्रयत्न केला, पण पोलिसांनी तुकडे जुळवले. तो मसुदा क्रिस्टोफ प्रोब्स्ट या मित्राचा होता. प्रोब्स्टला तीन लहान मुलं होती आणि सर्वांत धाकटी जेमतेम महिन्याभराची. साधी कामं म्हटली तरी त्यातली एखादी ढिलाई दुसऱ्याच्या जिवावर बेतते, हे विसरून ही गोष्ट सांगता येत नाही.

तपास अधिकारी रॉबर्ट मोर याला आधी सोफी निर्दोष वाटली होती. रिकामी सुटकेस कशाला, तर उल्मला घरून कपडे आणायला, असं तिने शांतपणे सांगितलं. पण खोलीच्या झडतीत शंभराहून जास्त कोरी पोस्टाची तिकिटं सापडली. बघा, शेवटी पुरावा ठरली ती तिकिटंच! हान्सने कबुली दिल्याचं कळल्यावर सोफीनेही कबूल केलं आणि दोघांनी सगळा दोष स्वतःवर घेऊन बाकीच्यांना वाचवायचा प्रयत्न केला.

२२ फेब्रुवारीला खटला झाला. न्यायाधीश रोलांड फ्रायस्लर बर्लिनहून मुद्दाम आला होता. आरोपींवर ओरडण्याबद्दल तो प्रसिद्धच होता. आईवडील न्यायालयात शिरायला बघत होते, त्यांना बाहेर काढलं. निकाल दुपारपर्यंत लागला. तुरुंगात आईवडिलांची मुलांशी काही मिनिटं भेट झाली. प्रोब्स्टला मात्र कोणीच भेटू शकलं नाही. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास श्टाडेलहाइम तुरुंगात सोफी, हान्स आणि प्रोब्स्ट या तिघांचा शिरच्छेद केला. अटकेपासून मृत्यूपर्यंत चारच दिवस! सोफी २१ वर्षांची, प्रोब्स्ट २३ चा, हान्स २४ चा.

इथे मी वर्गात नेहमी थांबतो, कारण मुलं विचारतात की मग लोक पेटून उठले का? नाही. उलट त्याच विद्यापीठात सभा भरली आणि जमलेल्या विद्यार्थ्यांनी त्या शिपायाचा जयजयकार केला. त्याला ३००० मार्कांचं बक्षीसही मिळालं. तोही आपल्यासारखाच साधा माणूस, सकाळी कामावर जाणारा. मघाशी सांगितलं होतं ना, ती यंत्रणा शेजाऱ्यापाजाऱ्यांवर चालायची.

१९ एप्रिलला दुसरा खटला झाला, १४ आरोपींचा. हुबर, श्मोरेल आणि ग्राफ यांना मृत्युदंड. ५०० मार्क देणाऱ्या ग्रिमिंगर यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ते तुरुंगात असताना त्यांच्या पत्नी जेनी यांना आउश्वित्झला नेऊन मारलं. ऑर्गनमागे पाकिटं भरणाऱ्या दोन्ही मुलांना पाच-पाच वर्षं. ट्राउटे लाफ्रेन्झला एक वर्ष. जुलैमध्ये तळघर देणाऱ्या पुस्तकविक्रेत्यांना सहा महिने. हाइनरिश गुटर नावाच्या एका विद्यार्थ्याला तर १८ महिने झाले. त्याने केलं काय होतं? मित्र पत्रकं वाटतात हे त्याला माहीत होतं आणि त्याने पोलिसांना सांगितलं नाही, एवढंच. म्हणजे चुगली न करणं हाही त्या राज्यात गुन्हा होता.

सोफीच्या घरच्यांनाही सोडलं नाही. आईवडील आणि दोन्ही बहिणींना, केवळ नातेवाईक म्हणून, तुरुंगात टाकलं. धाकटा भाऊ वेर्नर पुढे रशियाच्या आघाडीवर बेपत्ता झाला. युद्ध संपल्यावर रॉबर्ट शॉल उल्मचे महापौर झाले.

पत्रकाचं काय झालं? ते थांबलं नाही. हेल्मुट फोन मोल्टके या हिटलरविरोधी वकिलाने सहाव्या पत्रकाची प्रत स्कँडिनेव्हियातून देशाबाहेर पोचवली. ती इंग्लंडला गेली आणि १९४३ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश विमानांनी त्याच्या लाखो प्रती जर्मनीवर टाकल्या. पोस्टाची तिकिटं थोडी थोडी विकत घेऊन जे काम चाललं होतं, ते आकाशातून झालं.

पण मला विमानांपेक्षा म्युनिकमधलीच आणखी एक गोष्ट सांगायची आहे. तिथल्या रसायनशास्त्र संस्थेचे प्रमुख हाइनरिश व्हीलांड हे नोबेल पारितोषिक विजेते होते. ज्यांचे आई किंवा वडील ज्यू आहेत अशा मुलांना विद्यापीठात मज्जाव होता, पण व्हीलांड त्यांना आपल्या प्रयोगशाळेत शिकू देत. हान्स लाइपेल्ट हा त्यांतलाच एक. सोफी आणि हान्स शॉल मारले गेल्यावर लाइपेल्ट आणि त्याची मैत्रीण मारी-लुइझे यान यांच्या हाती सहावं पत्रक पडलं. त्यांनी ते टाइपरायटरवर पुन्हा उतरवून काढलं आणि हॅम्बुर्गला नेऊन मित्रांना दिलं. मग त्यांना कळलं की प्राध्यापक हुबर यांचा पगार बंद झाला आहे, पेन्शन मिळणार नाही, आणि पत्नी क्लारा मुलांसह उघड्यावर पडल्या आहेत. तेव्हा या दोघांनी ओळखीच्या लोकांकडून गुपचूप वर्गणी गोळा करून ते पैसे त्यांच्यापर्यंत पोचवले.

याचीही कोणीतरी खबर दिली. ऑक्टोबर १९४३ मध्ये दोघं पकडले गेले. खटला उभा राहिला तेव्हा प्राध्यापक व्हीलांड आपल्या विद्यार्थ्याच्या बाजूने साक्ष द्यायला न्यायालयात गेले. लाइपेल्टला २९ जानेवारी १९४५ रोजी मारलं. युद्ध संपायला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते. यानला १२ वर्षांची शिक्षा झाली होती, ती युद्ध संपल्यावर सुटली आणि पुढे डॉक्टर झाली. ट्राउटे लाफ्रेन्झही सुटली, अमेरिकेत गेली, तीही डॉक्टर झाली आणि २०२३ मध्ये १०३ वर्षांची होऊन वारली.

म्युनिक विद्यापीठासमोरच्या चौकाला आज सोफी आणि हान्स यांचं नाव आहे. तिथल्या फरसबंदीत खऱ्या पत्रकांसारखी दिसणारी पत्रकं बसवलेली आहेत, जणू आत्ताच कोणाच्या हातून खाली पडली असावीत. पाऊस पडून गेला की ती ओली दिसतात, आणि नव्याने आलेली माणसं उचलायला म्हणून वाकतात.